कार्डिनल ओळखायचा कसा, बॅकयार्डमध्ये बोलवायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांतून कार्डिनलबद्दल वर्षभर प्रश्न येत असतात. हिवाळ्यात जरा जास्तच, कारण बर्फावर बसलेला लालभडक पक्षी कुणाच्याही नजरेत भरतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक आग्रहाचं सांगणं मात्र आधीच: लाल रंगावर भिस्त ठेवू नका. कार्डिनलच्या माद्या लाल नसतात आणि पिल्लंही नसतात.

१. लाल पक्षी दिसला. तो कार्डिनलच आहे हे कशावरून ओळखायचं?

आधी डोकं बघा. कार्डिनलच्या डोक्यावर टोकदार तुरा असतो. चोच आखूड, जाड, शंकूच्या आकाराची आणि केशरी-लाल असते. नराच्या चोचीभोवती काळा पट्टा असतो, तो हनुवटीखाली गळ्यापर्यंत उतरतो. शेपटी लांब असते. पक्षी साधारण २१ ते २३ सेंटिमीटर लांब आणि ४२ ते ४८ ग्रॅम वजनाचा, म्हणजे आपल्या बुलबुलापेक्षा किंचित मोठा आणि अंगाने भरलेला.

तुरा नेहमी उभा नसतो. निवांत दाणे खाताना पक्षी तो पाडून ठेवतो आणि मग डोकं गोल दिसतं. अशा वेळी चोच बघा, ती कधी फसवत नाही. पुस्तकांत आणि ॲपवर या पक्ष्याचं पूर्ण नाव नॉर्दर्न कार्डिनल असं सापडेल.

२. लाल पक्ष्याबरोबर एक तपकिरी पक्षी येतो, त्यालाही तसाच तुरा आहे. तो कोणता?

ती मादी. तुमच्याकडे जोडी येते आहे.

पुष्कळ लोक नराचे ढीगभर फोटो काढतात आणि शेजारी बसलेल्या मादीकडे बघतही नाहीत. तिला सावकाश बघा. अंग बदामी-तपकिरी, पोट जरा उजळ, आणि तुरा, पंख व शेपटी यांच्यावर फिकट लाली. पंख उघडले की आतून लाल रंगाची झाक दिसते. चोच मात्र नराइतकीच ठसठशीत केशरी-लाल, आणि तपकिरी अंगावर ती आणखी उठून दिसते. चोचीभोवतीचा काळा भाग तिच्यात करडा आणि पुसट असतो. अंडी तीच उबवते, त्यामुळे झुडपात लपून जाणारा रंग तिच्या कामाचा आहे.

ती गातेही. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गाणाऱ्या पक्ष्यांत फक्त नर गातात. कार्डिनलमध्ये दोघं गातात आणि जोडीच्या गाण्यातल्या काही लकेरी सारख्या असतात. मादी घरट्यावर बसल्या बसल्या गाते. नराने खाऊ कधी आणायचा याचा इशारा त्यातून मिळत असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

३. कार्डिनलसारखे दिसणारे दुसरे कोणते पक्षी आहेत?

पूर्वेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात दोन टॅनेजर हमखास गोंधळात टाकतात. समर टॅनेजरचा नर सगळा लाल असतो, पण त्याला तुरा नाही, काळा पट्टा नाही, आणि चोच फिकट पिवळसर असते. स्कार्लेट टॅनेजरचं अंग लाल आणि पंख काळेभोर. दोघंही थंडीच्या आधी दक्षिणेला निघून जातात, म्हणून जानेवारीत न्यू जर्सीत किंवा शिकागोत पूर्ण लाल पक्षी दिसला तर तो कार्डिनलच धरायला हरकत नाही.

हाउस फिंच फीडरवर (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या भांड्यावर) सगळीकडे असतो, पण तो चिमणीएवढा, लाली फक्त डोक्याला आणि छातीला, आणि पोटावर तपकिरी रेघा. अमेरिकन रॉबिनची छाती विटकरी असते, पाठ करडी. मादीचा गोंधळ सीडर वॅक्सविंगशी होतो: त्यालाही तुरा आहे, रंगही तपकिरी, पण चोच बारीक काळी आणि शेपटीचं टोक पिवळं.

ॲरिझोना आणि दक्षिण टेक्सासमध्ये पिरुलॉक्सिया नावाचा जवळचा भाऊबंद राहतो. अंग राखाडी, छातीवरून लाल पट्टा, तुरा उंच आणि चोच पिवळी, पोपटासारखी बाकदार. तिकडे मादी कार्डिनल ओळखताना चोचीचा रंग बघितल्याशिवाय निर्णय देऊ नका.

४. तुरा आहे, रंग तपकिरी आहे, पण चोच काळपट आहे. हा कोण?

यंदाचं पिल्लू. घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांची चोच गडद राखाडी असते आणि पुढच्या काही आठवड्यांत ती हळूहळू केशरी होते. तोवर नर की मादी हे नुसतं बघून सांगता येत नाही. उन्हाळा संपता संपता नर पिल्लांच्या अंगावर लाल पिसं ठिकठिकाणी उगवतात आणि पक्षी काही दिवस ठिगळं लावल्यासारखा दिसतो. तो आजारी नसतो.

५. आम्ही सिएटलला राहतो. इतकी वर्षं झाली, एकही कार्डिनल दिसला नाही. का?

कारण तिकडे तो राहतच नाही. कार्डिनलचा मुलूख म्हणजे अमेरिकेचा पूर्व आणि मध्य भाग, कॅनडाचा आग्नेय कोपरा, टेक्सास, ॲरिझोनाचा दक्षिण भाग, आणि खाली मेक्सिकोतून ग्वाटेमालापर्यंत. बॉस्टन, एडिसन, अटलांटा, शिकागो, मिनियापोलिस, डॅलस, टोरांटो इथल्या घरांत तो रोजचा आहे. सिएटल, पोर्टलंड, बे एरिया इथे फीडर कितीही चांगला लावला तरी तो येणार नाही. लॉस एंजेलिसच्या आसपास माणसाने आणून सोडलेल्या पक्ष्यांची थोडीशी वस्ती आहे.

एकोणिसाव्या शतकात हा बराचसा दक्षिणेकडचा पक्षी होता. हिवाळ्यात घरोघरी ठेवलेले दाणे, उपनगरांतली झाडंझुडपं आणि सौम्य झालेले हिवाळे यांच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकत गेला. इलिनॉय, इंडियाना, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना, ओहायो, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया अशा सात राज्यांनी त्याला राज्यपक्षी केलं आहे. इतक्या राज्यांचा मान दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याला मिळालेला नाही.

६. महाराष्ट्रात कार्डिनल दिसतो का? आई म्हणते गावाकडे असाच पक्षी पाहिलाय.

नाही, भारतात कार्डिनल नाही. तुरा लक्षात असेल तर आईंनी बहुधा शिपाई बुलबुल पाहिला असेल: काळा उभा तुरा, गालावर लाल ठिपका, शेपटीखाली लाल. लाल रंगच लक्षात असेल तर निखार किंवा लाल मुनियाचा नर असू शकतो. तोच शिपाई बुलबुल माणसाने नेल्यामुळे मायामी आणि लॉस एंजेलिसच्या काही भागांत आता स्थायिक आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना बुलबुल घरबसल्या भेटतो.

७. कार्डिनल बघायला कुठे आणि कधी उभं राहायचं?

पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला. फीडरवर सगळ्यात आधी येणाऱ्यांत आणि सगळ्यात शेवटी जाणाऱ्यांत कार्डिनल असतो. दुपारी बाराला खिडकीशी बसून तो येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा चहाची पहिली फेरी खिडकीत घ्यावी.

आधी गच्च झुडपांकडे बघा: होली, ज्युनिपर, आर्बोरव्हायटी, डॉगवुड, कुंपणावर चढलेल्या वेली. पक्षी बाहेर येण्याआधी आतल्या फांदीवर थांबून अंदाज घेतो. जमिनीवरही बघा, सांडलेले दाणे टिपायला तो उड्या मारत फिरतो. गाणारा नर मात्र उंच, उघड्या फांदीवर असतो. त्याला शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे कान.

८. आवाज कसा ओळखायचा?

दोन आवाज शिका, काम भागतं.

पहिला हाकेचा: छोटा, कडक, धातूवर टिचकी मारावी तसा ‘चिप्’. झुडपातून असा ‘चिप्... चिप्’ ऐकू आला की पक्षी दिसत नसला तरी आत आहे, हे नक्की. मांजर किंवा माणूस घरट्याजवळ गेलं की हाच आवाज भरभर येतो.

दुसरं गाणं: मोठ्याने घातलेली स्वच्छ शीळ, बहुतेक वेळा वरून खाली घसरणारी, ‘चिअर, चिअर, चिअर’, आणि मग जलद ‘बर्डी-बर्डी-बर्डी’. कधी क्रम उलटा, कधी नुसता एकच तुकडा. पिल्लं गाणं ऐकून शिकतात, म्हणून प्रदेशागणिक थोडा फरक पडतो. फेब्रुवारीत बर्फ असतानाच नर गायला लागतो, आणि तेव्हा बाकीची झाडं गप्प असल्याने कान तयार करायला तो महिना फार चांगला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. त्याने नाव सुचवलं तरी पक्षी डोळ्यांनी बघूनच खात्री करा.

९. फीडर कोणता घ्यावा? नळीवाला लावलाय, पण तो बसतच नाही.

नळीवाल्या फीडरच्या आखूड दांड्या छोट्या फिंचना पुरतात. कार्डिनल अंगाने मोठा आहे आणि त्याला दाण्यांसमोर तोंड करून बसायला आवडतं. उघडा ट्रे किंवा रुंद कडेचा, घराच्या आकाराचा हॉपर फीडर घ्या. नळीच हवी असेल तर खाली जोडायची ताटली मिळते.

तो खातो कसा हे एकदा दुर्बिणीतून बघा म्हणजे रुंद जागा का लागते ते कळेल. चिकडी नावाची चिमुकली पक्षीण दाणा उचलून फांदीवर नेते आणि पायात धरून फोडते. कार्डिनल जागेवरच बसतो. दाणा जिभेने चोचीच्या कडेला सरकवतो, खालची चोच आडवी हलवून टरफल चिरतो, टरफलाचे दोन तुकडे ओठंगल्यासारखे चोचीच्या कडेला राहतात आणि मग गळून पडतात. गर गिळला की पुढचा दाणा. हे सगळं शांतपणे चालतं, आणि त्यासाठी पायाखाली स्थिर कड हवी.

फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांपलीकडे ठेवा (कारण प्रश्न १७ मध्ये). झुडूप दहाएक फुटांवर असावं: पक्ष्याला पटकन आडोसा मिळतो आणि मांजराला फीडरखाली दबा धरता येत नाही. दर दोन आठवड्यांनी फीडर धुवा: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, नंतर भरपूर पाण्याने विसळून पूर्ण वाळवा. ओले, बुरशी आलेले दाणे पक्ष्यांना आजारी पाडतात.

१०. खायला काय घालायचं?

सूर्यफुलाच्या काळ्या, तेलाच्या जातीच्या बिया सगळ्यात आवडीच्या. त्यानंतर करडई. होय, आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडे तेलासाठी पिकते तीच करडई. इथे ती ‘सॅफ्लॉवर’ नावाने पांढऱ्या दाण्यांच्या पिशव्यांत मिळते. तिची कडू चव खारींना आणि ग्रॅकल नावाच्या काळ्या पक्ष्यांना फारशी रुचत नाही, कार्डिनल मात्र आनंदाने खातो. खारी फीडर रिकामा करत असतील तर महिनाभर फक्त करडई घालून बघा.

स्वस्त मिश्रणांत लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) भरपूर असतो आणि तो बहुतेक तसाच खाली पडून राहतो. पैसे वाचवायचे असतील तर थोडंच, पण निव्वळ सूर्यफूल घ्या. पाणीही ठेवा, कडाक्याच्या थंडीत गोठू न देणारं हीटरवालं भांडं ठेवलंत तर त्या पाण्यावर दाण्यांइतकीच गर्दी होते.

११. उरलेली पोळी, भात, शेव, फरसाण घातलं तर?

घरात अन्न टाकवत नाही, भावना समजते. पण शेव-फरसाण अजिबात नको. त्यातलं मीठ एवढ्याशा पक्ष्याला झेपत नाही. पोळी-पावाने पोट भरतं पण पोषण नाही, आणि भात लवकर आंबतो. शिवाय हे सगळं जमिनीवर पडलं की उंदीर येतात. कच्चे किंवा नुसते भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे भरडून घातले तर चालतात. खारवलेल्या सूर्यफूल बिया माणसांसाठी ठेवा.

१२. फीडर लावून महिना झाला. चिमण्या येतात, कार्डिनल येत नाही.

बहुतेक वेळा कारण आडोसा नसणं हे असतं. नवी वसाहत, मोकळं लॉन आणि मधोमध खांबावर फीडर अशी रचना असेल तर कार्डिनलला ती धोक्याची वाटते. शिक्र्याच्या जातीचे कूपर्स हॉक अशाच उघड्या जागी झडप घालतात. कायमचा उपाय म्हणजे झुडपं लावणं. डॉगवुड, सुमॅक, रानद्राक्षं, तुती यांची फळंही तो खातो. तोवर छाटलेल्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात रचून ठेवा. कीटकनाशकांची फवारणी कमी करा, कारण पिल्लांना तो मुख्यतः अळ्या आणि किडे भरवतो.

१३. अपार्टमेंटमध्ये राहतो, फक्त बाल्कनी आहे. जमेल?

खालच्या मजल्यावर, जवळ झाडं असतील तर जमतं. छोटा ट्रे कठड्याला लावा. त्याआधी इमारतीचे नियम वाचा, खालच्या बाल्कनीत टरफलं पडणार नाहीत हे बघा, आणि उत्तर-पश्चिम न्यू जर्सीसारख्या अस्वलांच्या भागात असाल तर वसंतापासून पानगळीपर्यंत फीडर काढून ठेवा.

१४. हिवाळ्यात ते कुठे जातात?

कुठेच नाही. कार्डिनल स्थलांतर करत नाही आणि नर थंडीत रंगही उतरवत नाही. उन्हाळ्यात हद्दीवरून भांडणारे हेच पक्षी हिवाळ्यात थव्याने एकत्र चरतात, त्यामुळे बर्फ पडल्यावर एकाच झुडपात पुष्कळ नर-माद्या दिसतात.

१५. पक्ष्यांचं लाकडी घर टांगलं तर त्यात घरटं करेल का? झुडपात घरटं दिसलं तर काय करू?

लाकडी घरात तो घरटं करत नाही. मादी गच्च झुडपात, साधारण माणसाच्या उंचीच्या आसपास, काड्या, साल, पानं आणि गवत यांची वाटी विणते. अंडी २ ते ५, बहुधा ३. उबवण ११ ते १३ दिवस. पिल्लं ७ ते १३ दिवसांत घरटं सोडतात. उन्हाळ्यात एकाहून जास्त विणी होतात आणि घरटं सहसा दर वेळी नवं असतं.

घरटं दिसलं तर लांबूनच बघा, फांद्या बाजूला सारून फोटो काढू नका. कुंपणाची छाटणी मार्च ते सप्टेंबर टाळा. एखादं वेगळंच ठिपकेदार अंडं दिसलं तर ते काउबर्डचं असू शकतं. तो आपली अंडी दुसऱ्यांच्या घरट्यात घालतो. तेही काढायचं नाही, कायद्याने त्यालाही संरक्षण आहे.

१६. पिल्लू गवतात बसलंय, उडता येत नाही. घरात आणू?

पिसं आली असतील, शेपटी बोटभर असेल आणि टुणटुण उड्या मारत असेल तर नाही. कार्डिनलची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप जवळून भरवत राहतात. तुम्ही दूर झालात की ते येतात. मांजर-कुत्रं आत घ्या, रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. हात लागल्याने आईबाप टाकून देतात ही समजूत खरी नाही. अंगावर पिसंच नसतील तर घरटं शोधून परत ठेवा. जखम असेल तर राज्याचा परवाना असलेल्या वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा.

१७. नर दिवसभर खिडकीवर आणि गाडीच्या आरशावर चोची मारतो. वेड लागलंय का?

त्याला काचेत दुसरा नर दिसतो आणि तो आपल्या हद्दीतून हाकलायला बघतो. विणीच्या काळात हे काही आठवडे चालतं. कधी मादीही असं करते. आरशावर पिशवी चढवा. खिडकीला बाहेरून साबणाचे पट्टे ओढा किंवा कागद लावा, म्हणजे प्रतिबिंब मोडतं. आतून पडदा ओढल्याने उलट आरसा अधिक स्पष्ट होतो.

वेगाने येऊन काचेवर आपटणं ही वेगळी आणि जीवघेणी गोष्ट आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा; एकच मोठं स्टिकर पुरत नाही. फीडर काचेच्या अगदी जवळ असेल तर उडताना पक्ष्याला वेग येत नाही, म्हणून तीन फुटांचा नियम.

१८. ऑगस्टमध्ये एक टकला कार्डिनल येतोय! काळं डोकं, पिसंच नाहीत.

घाबरू नका. उन्हाळ्याच्या शेवटी पिसं बदलताना काही कार्डिनलची डोक्यावरची सगळी पिसं एकदम गळतात आणि काळपट कातडी उघडी पडते. काही आठवड्यांत नवी येतात. हिवाळ्यातही डोकं तसंच राहिलं तर पिसांतल्या गोचिडीसारख्या किडींचा त्रास असू शकतो.

१९. नर मादीच्या चोचीत दाणा देताना पाहिला. पिल्लू नव्हतं, मोठी मादी होती.

ही जोडी जुळल्याची खूण. तो दाणा सोलतो, उड्या मारत तिच्याजवळ जातो, दोघं मान तिरकी करतात आणि चोचीला चोच लागते. वसंताच्या सुरुवातीला फीडरवर हे बघायला मिळतं, आणि ती अंड्यांवर बसल्यावरही तो तिला भरवतो. जोड्या बऱ्याचदा वर्षानुवर्षं टिकतात, पण तुटतातही.

२०. दरवर्षी येतो तो एकच पक्षी असेल का? किती जगतो?

पायात ओळखीसाठी घातलेली कडी नसेल तर तोच आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण जागा रिकामी झाली की दुसरा ती घेतो. बहुतेक पक्षी थोडीच वर्षं जगतात. नोंद झालेल्यांत सर्वांत वयस्कर मादी पेनसिल्व्हेनियात सापडली, तिचं वय १५ वर्षं ९ महिने होतं.

२१. शेजारीण म्हणाली, कार्डिनल आला की गेलेलं माणूस भेटायला येतं. खरंच असं मानतात?

हो, अमेरिकेत पुष्कळ घरांत ही श्रद्धा आहे. शोकपत्रांवर कार्डिनलचं चित्र असतं. पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना त्यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको. पक्षी वर्षभर घराभोवतीच राहतो, पहाटे-संध्याकाळी एकट्या वेळी दिसतो, बर्फातही दिसतो. आठवण त्याच्याशी जोडली जाणं अगदी साहजिक आहे. शेजारणीने हे सांगितलं तर ऐकून घ्या, आणि कुणाची आठवण येते ते विचारा.

२२. सापडलेलं लाल पीस मुलीने वहीत ठेवलंय. चालतं का? आणि पिंजऱ्यात पाळता येतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. एकोणिसाव्या शतकात रंगासाठी आणि गाण्यासाठी कार्डिनल पकडून विकले जात. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने ते बंद झालं. कार्डिनल स्थलांतर करत नसला तरी त्या कायद्याच्या यादीत आहे. पक्षी, अंडी, रिकामं घरटं, अगदी गळलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही. मुलीला पिसाचं चित्र काढून ठेवायला सांगा.

२३. आमच्या पाहिलेल्या नोंदी कुठे देता येतात?

पक्ष्यांच्या नोंदींच्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर कधीही. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. तो १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाला आणि २०१३ पासून जगभर होतो. म्हणजे तुम्ही ओहायोत कार्डिनल मोजत असता त्याच दिवसांत नाशिकचे आजी-आजोबा गच्चीवरून बुलबुल मोजू शकतात. मुलांना यात फार रस येतो.

२४. तुरा, चोच, काळा पट्टा सगळं कार्डिनलचं, पण रंग पिवळा! असं असतं?

असतं, पण फार दुर्मीळ. कार्डिनलला खाण्यातून पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यं मिळतात आणि त्याचं शरीर त्यांचं लाल रंगात रूपांतर करतं. जनुकातल्या बदलामुळे हे रूपांतर झालं नाही की पिसं पिवळी येतात. २०१८ मध्ये अलाबामातल्या अलाबास्टर गावी असा नर दिसला आणि त्याची बातमी देशभर गेली. अंगावर पांढरे डाग असलेले कार्डिनल त्यापेक्षा जास्त वेळा दिसतात. त्यांच्या काही पिसांत रंगच उतरलेला नसतो.

२५. अर्धा लाल आणि अर्धा तपकिरी, मधोमध रेघ मारल्यासारखा. फोटो खरा असू शकतो?

असू शकतो. एका बाजूला नर आणि दुसऱ्या बाजूला मादी असा पक्षी क्वचित जन्माला येतो. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ईरीला दिसलेल्या अशा कार्डिनलचे फोटो गाजले. त्याआधी इलिनॉयमधल्या रॉक आयलंडला एकाचं २००८ ते २०१० या काळात निरीक्षण झालं. तो गाताना ऐकू आला नाही आणि त्याची जोडीही कधी दिसली नाही. पण ठिगळं ठिगळं लाल असेल तर ते पिसं बदलणारं पिल्लूच समजा (प्रश्न ४).

२६. हवाईला राखाडी अंगाचा, फक्त डोकं लाल असलेला ‘कार्डिनल’ पाहिला. तो कुठला?

तो रेड-क्रेस्टेड कार्डिनल, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. नावात कार्डिनल असलं तरी तो टॅनेजरांच्या कुळातला आहे. गंमत म्हणजे खरा नॉर्दर्न कार्डिनलही १९२९ मध्ये हवाईत आणून सोडला होता आणि तो तिथे टिकला. त्यामुळे होनोलुलूच्या एकाच बागेत दोन्ही दिसू शकतात: पोट पांढरं आणि पाठ राखाडी तो दक्षिणेचा, पोटापासून शेपटीपर्यंत लाल तो आपला ओळखीचा.